कात्री कराला, टाळ्या कुणाला?

कर कमी केला की जनता खूश, असं समजणाऱ्यांनी एकदा कॅनडाच्या प्रांतांकडे बघावं. तिथल्या एका प्रीमियरने टीव्हीवर येऊन प्राप्तिकरात १५ टक्के कपात जाहीर केली आणि आठवड्याभरात राजीनामा दिला. दुसऱ्याने तान्ह्या बाळापासून पणजोबांपर्यंत प्रत्येकाच्या नावाने ४०० डॉलर पाठवले, आणि तीन महिने उलटायच्या आत त्याच्याच पक्षाने त्याची हवा काढली. एका प्रांतात लोकांनी रीतसर मतदान करून स्वस्त होऊ घातलेला कर नाकारला. करकपात अर्थशास्त्राच्या पुस्तकात छापली जाते हे खरं, पण तिचे प्रयोग रंगतात किंवा पडतात ते नाटकाच्या नियमांनी. प्रवेश कुठल्या तारखेला, प्रकाशझोत कुणावर आणि शेवटी प्रेक्षकांच्या हातात दिसेल असं काय पडलं, एवढ्यावर सगळं ठरतं.

मुख्यमंत्र्याच्या हातातली मोठी कात्री

प्रीमियर म्हणजे प्रांताचा मुख्यमंत्री. पण आपल्या मुख्यमंत्र्यांना हेवा वाटावा इतके अधिकार त्याच्याकडे असतात. आपल्या राज्यांना प्राप्तिकर लावता येतो तो फक्त शेतीच्या उत्पन्नावर, आणि महाराष्ट्रात तो लावून मतं मागायला जाणार कोण? जीएसटीचा दर हलवायचा तर परिषदेत सगळ्यांबरोबर बसावं लागतं. मग राज्याच्या हाती उरतं मुद्रांक शुल्क, पेट्रोल, दारू, व्यवसाय कर आणि असंच किरकोळ. म्हणून आपल्याकडच्या लक्षात राहिलेल्या कपाती कुठल्या, तर कोविडच्या वर्षी, सप्टेंबर २०२० मध्ये मुंबईतल्या घरखरेदीवरचं मुद्रांक शुल्क ५ वरून २ टक्क्यांवर आलं ती, नाहीतर २०१२ साली गोव्यात मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ पुसून टाकला ती.

कॅनडात प्रांत दहा. प्रत्येकाचा प्राप्तिकर वेगळा, कंपन्यांवरचा कर वेगळा. विक्रीकर तर कुठे सात टक्के, कुठे दहा, आणि एका ठिकाणी चक्क शून्य. प्रीमियरच्या मनात आलं आणि विधिमंडळात बहुमत असलं की दर बदलला.

या बाबतीत ब्रिटिश कोलंबियाची घाई बघण्यासारखी. या प्रांताने प्राप्तिकर सुरू केला १८७६ साली. ओटावाच्या केंद्र सरकारला ते सुचायला १९१७ साल उजाडलं, तेही पहिल्या महायुद्धाचा खर्च गळ्याशी आल्यावर.

३१ डिसेंबरची गंमत

आपल्यापैकी ज्यांची मुलं टोरांटो-कॅलगरीकडे आहेत त्यांनी हे घरी विचारून बघावं. नोकरदाराचा वर्षभराचा प्रांतिक कर कुठला, हे ठरतं ३१ डिसेंबरला तो कुठल्या प्रांताचा रहिवासी होता त्यावरून. अकरा महिने क्युबेकमध्ये घाम गाळला आणि नाताळ आटोपून बिऱ्हाड अल्बर्टात हलवलं, तर अख्ख्या वर्षाच्या पगाराला अल्बर्टाचे दर. मात्र बिऱ्हाड खरोखर हलायला हवं. नुसता मेव्हण्याचा पत्ता देऊन भागत नाही.

राल्फचे पैसे

अल्बर्टा म्हणजे तेल. आणि तेल वर गेलं की तिजोरी इतकी भरते की सरकारलाच ओशाळल्यासारखं होतं. राल्फ क्लाइन हे तिथले प्रीमियर, १९९२ ते २००६. आधी टीव्हीचे बातमीदार, मग कॅलगरीचे महापौर. १९८८ चं हिवाळी ऑलिंपिक त्यांच्याच कारकिर्दीत झालं. प्रीमियर झाल्यावर त्यांनी सुरुवातीला खर्चाला अशी कात्री लावली की लोक कळवळले. २००४ मध्ये मात्र त्यांनी प्रांताचं कर्ज फिटल्याची घोषणा केली, तीही हातात ‘पूर्ण भरले’ असा फलक धरून.

आता पुढच्या वर्षी उरलेल्या पैशाचं करायचं काय? क्लाइननी ठरवलं, वाटून टाका. जानेवारी २००६ पासून माणशी ४०० डॉलरचे चेक निघाले. मुलांचे पैसे आईबापांकडे. चार माणसांच्या घरात १,६०० डॉलर, आणि त्यावर कर नाही. एकूण खर्च सुमारे १४० कोटी डॉलर. लोकांनी त्याचं बारसं ‘राल्फ बक्स’ असं केलं. टीकाकार म्हणाले, हे पैसे भविष्यासाठी बाजूला ठेवायचे, रुग्णालयं बांधायची, निदान कर तरी कायमचा कमी करायचा. लोकांनी ते ऐकलं आणि टीव्ही विकत घ्यायला गेले.

आणि क्लाइन? ३१ मार्च २००६ ला त्यांच्या पक्षाने नेतेपदाचा कौल घेतला. पाठिंबा मिळाला फक्त ५५ टक्के प्रतिनिधींचा. त्याच वर्षअखेर ते पदावरून गेले. चेक मिळालेल्यांमध्ये ते प्रतिनिधीही होतेच की.

खरं तर क्लाइन सरकारची मोठी करकपात वेगळीच होती. २००१ पासून अल्बर्टात प्राप्तिकराचा एकच दर झाला, १० टक्के. गवंड्याला १० आणि तेलकंपनीच्या मालकालाही १०. (सुरुवातीची काही रक्कम सगळ्यांनाच माफ, तेव्हा गवंड्याचा खरा भार कमीच पडायचा.) कॅनडात असा धाडसी प्रयोग दुसऱ्या कुठल्या प्रांताने केला नव्हता. तो चौदा वर्षं टिकला. २०१५ मध्ये रेचल नॉटली यांच्या डाव्या पक्षाने ४४ वर्षांची सत्ता उलथवली आणि श्रीमंतांसाठी वरचे टप्पे आणले. मग २०२५ मध्ये डॅनिएल स्मिथ यांच्या सरकारने खालच्या बाजूला नवा टप्पा जोडला. पहिल्या ६० हजार डॉलरवर १० ऐवजी ८ टक्के, म्हणजे माणशी जास्तीत जास्त ७५० डॉलरची बचत, आणि तीही दरवर्षी. क्लाइनच्या चेकच्या जवळजवळ दुप्पट, पण पगारातून हळूच कमी कापली जाणारी. तिचं बारसं अजून कुणी केलेलं नाही.

विक्रीकर नसलेला प्रांत आणि दोन प्रांतांत वसलेलं गाव

ज्या प्रांताचा विक्रीकर शून्य तो अल्बर्टाच. केंद्राचा ५ टक्के जीएसटी भरा आणि चालू लागा. एकदा त्यांनी प्रयत्न केला होता, १९३६ साली, मंदीच्या खाईत, २ टक्क्यांचा. दुसऱ्या वर्षी गुंडाळला. १९९५ मध्ये तर कायदाच झाला की विक्रीकर आणायचा तर आधी जनतेचा कौल घ्या. तेव्हापासून तिथल्या अर्थमंत्र्यांना स्वप्नातसुद्धा तो शब्द उच्चारायची भीती.

शेजारच्या सस्कॅचवानमध्ये मात्र विक्रीकर आहे. आणि या दोन प्रांतांच्या सीमेवर, अगदी सीमारेषा पोटात घेऊन, लॉइडमिन्स्टर नावाचं शहर वसलंय. अर्धं शहर इकडे, अर्धं तिकडे, नगरपालिका एक. आता तिकडच्या दुकानदाराने कर लावला तर गिऱ्हाईक रस्ता ओलांडून इकडे जाणार, हे कुणीही सांगेल. म्हणून सस्कॅचवानने लॉइडमिन्स्टरच्या आपल्या बाजूला बहुतेक खरेदीवर विक्रीकर माफ केला. घड्याळाचंही तसंच. बाकीचा सस्कॅचवान उन्हाळ्यात घड्याळाचे काटे पुढे सरकवत नाही, पण हे शहर अल्बर्टाबरोबर सरकवतं. सीमा कुठून जाते ते विसरायला होऊ नये म्हणून शहरात शंभर फुटी लाल खांब उभे केलेत.

कर उतरला, कंपनी निघाली

व्यक्तींचं झालं, आता धंद्याकडे. २०१९ मध्ये अल्बर्टाचे प्रीमियर झाले जेसन केनी. कंपनी कर १२ टक्क्यांवरून चार वर्षांत ८ वर आणायचा, म्हणजे कंपन्या धावत येतील, नोकऱ्या येतील, असा हिशेब. कपातीचं नावच ‘रोजगारनिर्मिती करकपात’ ठेवलं. १ जुलै २०१९ ला पहिला टक्का उतरला. ३१ ऑक्टोबरला एन्काना या कॅलगरीतल्या बड्या तेलवायू कंपनीने जाहीर केलं की आम्ही मुख्यालय अमेरिकेत हलवतोय, आणि नावही बदलतोय. अमेरिकी गुंतवणूकदारांच्या जवळ जायचं, हे त्यांचं कारण. कर १२ आहे की ८, याचा त्यात संबंधच नव्हता. केनी मागे हटले नाहीत. कोविड आल्यावर त्यांनी उरलेली कपात दीड वर्ष आधीच, १ जुलै २०२० ला, उरकून टाकली.

क्युबेकची गोष्ट याच्या उलट्या बाजूने सुरू होते. १९९० च्या दशकात तिथल्या सरकारने सरसकट कर उतरवण्याऐवजी एकाच धंद्यावर डोळा ठेवला. व्हिडिओ गेम आणि मल्टिमीडिया बनवणाऱ्या कंपन्यांना पगाराचा मोठा वाटा सवलतीतून परत. १९९७ मध्ये फ्रान्सच्या युबीसॉफ्टने माँट्रिऑलच्या माइल एंड भागात, जिथे पूर्वी कपडे शिवले जायचे त्या जुन्या कारखान्याच्या इमारतीत, आपलं दुकान थाटलं. दहा वर्षांनी तिथूनच ‘असॅसिन्स क्रीड’ बाहेर पडला. आपल्या घरातली पोरं रात्री जागून जो खेळ खेळली, त्याच्यामागे क्युबेकच्या करदात्याचा हातभार आहे. उद्योग उभा राहिला, यात वाद नाही. सवलत बंद केली तर तो उभा राहील का, हे तपासून बघण्याची हिंमत मात्र कुठल्याच सरकारला होत नाही.

८५ डॉलरचं भांडण

क्युबेकचा सगळ्यात चविष्ट किस्सा १९७८ चा. केंद्रात अर्थमंत्री ज्याँ क्रेतिएँ. महागाई आणि मंदी दोन्ही. त्यांनी प्रांतांना सांगितलं, तुमचा विक्रीकर सहा महिने थोडा उतरवा, बरीचशी भरपाई आम्ही करू. बाकी प्रांतांनी मान डोलावली. क्युबेकचे अर्थमंत्री होते जॅक पारिझो, स्वतंत्र क्युबेकचे कट्टर पुरस्कर्ते आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापक. ते म्हणाले, सगळ्यावर थोडा थोडा कशाला? आम्ही कपडे, पादत्राणं, फर्निचर यांवरचा ८ टक्के कर पूर्णच काढतो. हा माल बनायचाच मुळी क्युबेकमध्ये, म्हणजे सूट गिऱ्हाइकाला आणि धंदा आपल्याच कारखान्यांना.

ओटावाला हे झोंबलं. अशा कपातीची भरपाई देणार नाही, असं केंद्राने सांगितलं. मग क्रेतिएँनी प्रांताला वळसा घालून क्युबेकच्या करदात्यांना थेट ८५ डॉलरचे चेक पाठवले. म्हणजे कर कमी केला प्रांताने, पाकीट आलं केंद्राकडून, आणि आभार कुणाचे मानायचे ते लोकांनी ठरवायचं. हेच दोघे १९९५ च्या क्युबेकच्या सार्वमतात पुन्हा समोरासमोर आले. तेव्हा एक पंतप्रधान होता आणि दुसरा प्रीमियर.

२००७ मध्ये क्युबेकच्या प्रीमियर ज्याँ शारेंनी केंद्राचे पैसे आणि प्रांताची कपात यांचा मेळ वेगळ्या पद्धतीने घातला. प्रांतांवर आर्थिक अन्याय होतो म्हणून वर्षानुवर्षं ओरड चाललेली. अखेर केंद्राने थैली सैल सोडली. निवडणुकीला आठवडाही उरला नव्हता. शारेंनी त्यातल्या ७० कोटी डॉलरची प्राप्तिकरकपात जाहीर केली. बाकीचे प्रांत भडकले: रुग्णालयांना पैसे नाहीत म्हणून रडत होतात ना? मतदारांनाही ते फारसं रुचलं नाही. शारेंचं सरकार कसंबसं वाचलं, पण अल्पमतात. क्युबेकमध्ये अल्पमतातलं सरकार त्याआधी १८७८ साली आलं होतं.

ब्रिटिश कोलंबिया: एक नाटक, अनेक अंक

या प्रांताला वेगळं दालनच द्यायला हवं.

पहिला अंक २००८. प्रीमियर गॉर्डन कॅम्पबेल, पक्ष उजवीकडे झुकलेला. त्यांनी १ जुलैपासून पेट्रोल, गॅस, कोळशावर कार्बन कर आणला, टनाला १० डॉलर. पण अट अशी की जेवढा कर जमा होईल तेवढा प्राप्तिकरातून आणि कंपनी करातून परत द्यायचा. प्राप्तिकराच्या खालच्या दोन टप्प्यांचे दर उतरले. कंपन्यांचा दर १२ वरून टप्प्याटप्प्याने १० वर आला, छोट्या धंद्यांचा साडेचारवरून अडीच टक्क्यांवर. हिशेब जुळला नाही तर अर्थमंत्र्याचा पगार १५ टक्क्यांनी कापायचा, अशी तरतूदही कायद्यात होती. (ही कल्पना आपल्याकडे आयात करायला हरकत नसावी.) कर सुरू व्हायच्या आधी, जूनमध्ये, प्रत्येक माणसाला १०० डॉलरचा चेक. आणि विरोध कुणी केला? डाव्या पक्षाने! ‘कर तोडा’ ही घोषणा देत. पुढे हीच घोषणा देशभर उजव्यांनी उचलली.

दुसरा अंक. २००९ ची निवडणूक कॅम्पबेल जिंकले आणि दोन-तीन महिन्यांत नवी टूम निघाली. केंद्राचा ५ टक्के जीएसटी आणि प्रांताचा ७ टक्के विक्रीकर एकत्र करून १२ टक्क्यांचा एकच कर, एचएसटी. बेरीज तीच, मग ओरड का? कारण हॉटेलातलं जेवण, केशकर्तन अशा कितीतरी गोष्टींना पूर्वी फक्त ५ टक्के लागायचे, त्यांना आता १२. कंपन्यांना कच्च्या मालावरचा कर परत मिळणार, म्हणजे धंद्याला सूट आणि घरखर्चाला भुर्दंड. शिवाय निवडणुकीत याचा उच्चारही नव्हता.

विरोधाचं नेतृत्व केलं बिल वँडर झाम यांनी. हे स्वतः माजी प्रीमियर, मूळचे रोपवाटिकावाले, आणि ‘फॅन्टसी गार्डन्स’ नावाच्या आपल्या उद्यानाच्या विक्रीवरून १९९१ मध्ये पायउतार झालेले. प्रांताच्या कायद्यात तरतूद होती की प्रत्येक मतदारसंघातल्या दहा टक्के मतदारांच्या सह्या आणल्या तर सरकारला दखल घ्यावी लागते. ८५ च्या ८५ मतदारसंघांत त्यांनी सह्या जमवल्या, एकूण सात लाखांवर.

तिसरा अंक सगळ्यात छोटा. लोकप्रियता एक आकडी झालेले कॅम्पबेल २७ ऑक्टोबर २०१० ला टीव्हीवर आले. पहिल्या ७२ हजार डॉलरच्या उत्पन्नावरचा प्राप्तिकर जानेवारीपासून १५ टक्क्यांनी कमी! एरवी या घोषणेवर पेढे वाटले असते. लोक हलले नाहीत. ३ नोव्हेंबरला कॅम्पबेलनी राजीनामा जाहीर केला. नोव्हेंबर संपायच्या आत त्यांच्याच सरकारने ती कपात मागे घेतली. जाहीर झाली, मेली, आणि कुणाच्या खिशात एक सेंटही पडला नाही.

चौथा अंक २०११. नव्या प्रीमियर क्रिस्टी क्लार्क. एचएसटीवर टपालाने सार्वमत. सरकारने शेवटचं आमिष दाखवलं: एचएसटी राहू द्या, २०१४ पर्यंत १२ वरून १० टक्क्यांवर आणतो, कंपन्यांचा कर वाढवतो, आणि प्रत्येक मुलामागे १७५ डॉलरचा चेक. म्हणजे लोकांपुढे दोन चिठ्ठ्या होत्या, एकीवर १२ आणि दुसरीवर १०. ५४.७३ टक्के मतदारांनी १२ वाली उचलली! १ एप्रिल २०१३ पासून जुना ५ अधिक ७ परत आला, आणि एचएसटीसाठी केंद्राने दिलेले १६० कोटी डॉलर प्रांताला फेडावे लागले. अर्थतज्ज्ञ अजूनही डोक्याला हात लावून बसतात. मला मात्र मतदारांचं गणित कच्चं वाटत नाही. न विचारता लावलेल्या कराची त्यांनी रोख वसुली केली, एवढंच.

मॅनिटोबाचा एक टक्का

मॅनिटोबात ग्रेग सेलिंगर यांच्या सरकारने डिसेंबर २०१० पासून छोट्या धंद्यांवरचा प्रांतिक कर शून्यावर आणला. शून्य! दुकानदारांनी किती आभार मानले, याची नोंद नाही. याच सेलिंगरनी १ जुलै २०१३ ला विक्रीकर ७ वरून ८ टक्के केला, तोही सार्वमताची कायदेशीर अट बाजूला सारून. पुढच्या वर्षी पाच मंत्री बंड करून बाहेर पडले, २०१६ मध्ये सरकार गेलं. नंतरच्या ब्रायन पॅलिस्टर यांनी १ जुलै २०१९ ला तोच एक टक्का काढून घेतला आणि दोनच महिन्यांनी, मुदतीच्या वर्षभर आधी, निवडणूक घेऊन जिंकून दाखवली. एक टक्का आला तेव्हा एक सरकार गेलं, परत गेला तेव्हा दुसरं टिकलं.

२०२४ मध्ये मॅनिटोबाचे प्रीमियर वॉब किन्यू यांनी पेट्रोलवरचा लिटरमागे १४ सेंटचा कर वर्षभर बंद ठेवला. जानेवारी २०२५ मध्ये कर परतला, साडेबारा सेंट होऊन. दीड सेंट सुट्टीवरून आलाच नाही.

पाच डोनट महाग, सहा स्वस्त

डोनटवरच्या कराचा नियम केंद्राचा, पण प्रांताचा वाटा जोडला गेल्याने ऑन्टारिओत त्याला १३ टक्क्यांची धार आहे. डोनट, मफिन एक-दोन घेतलं तर ते आयतं खाणं, त्यावर कर. सहा किंवा जास्त घेतलं तर तो किराणा, कर माफ. म्हणजे डाएट करणाऱ्याला दंड.

त्यातही ऑन्टारिओची स्वतःची पोटसूट आहे. तयार खाण्यापिण्याचं बिल ४ डॉलर किंवा कमी असेल तर प्रांताचे ८ टक्के माफ, फक्त केंद्राचे ५ द्या. ही सूट २०१० ची. तेव्हा चारात कॉफी आणि सोबत काहीतरी यायचं. मर्यादा तिथेच राहिली, भाव नाही. न वाढवता कर कसा वाढतो, ते इथे शिकावं.

२०२२ मध्ये याच प्रांताने ‘घरच्याच प्रांतात हिंडा’ म्हणून प्राप्तिकरात सूट दिली. ऑन्टारिओतल्याच हॉटेलात राहा, भाड्याच्या २० टक्के परत, कुटुंबाला जास्तीत जास्त ४०० डॉलर. नायगारा बघा आणि पावती जपून ठेवा.

एप्रिल फूल नव्हे

नोव्हा स्कोशियाने १ एप्रिल २०२५ ला विक्रीकर १५ वरून १४ टक्के केला. त्याच्या आधीच्याच महिन्यात हॅलिफॅक्सच्या खाडीवरच्या दोन्ही पुलांवरचा टोल बंद झाला. जुना पूल १९५५ चा. मुंबईच्या पाच नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ मध्ये छोट्या गाड्यांचा टोल सुटला तेव्हा जे चेहरे दिसले, तेच तिथेही असणार.

नवे बूट

कॅनडात अर्थमंत्री अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी नवे बूट घेतात आणि छायाचित्रकार त्या बुटांचे फोटो काढतात. केंद्रातही आणि बऱ्याच प्रांतांतही. पूर्वी ऑन्टारिओचे अर्थमंत्री राहिलेले जिम फ्लॅहर्टी २००८ मध्ये केंद्राचा अर्थसंकल्प मांडायला निघाले तेव्हा त्यांनी नवे घेतले नाहीत, जुन्याच बुटांना नवा तळ मारून घेतला. हात आखडता आहे, असा निरोप.

दोनशे डॉलर, पंचवीस वर्षांनी

ऑन्टारिओतच २००० साली माइक हॅरिस सरकारने करदात्यांना २०० डॉलरपर्यंतचे चेक पाठवले होते. हॅरिस एकेकाळचे गोल्फ प्रशिक्षक, प्राप्तिकरात ३० टक्के कपातीच्या वचनावर १९९५ मध्ये निवडून आलेले. २०२५ च्या सुरुवातीला डग फोर्ड सरकारने पुन्हा २०० डॉलरचे चेक पाठवले, या वेळी मुलांनाही. चेक घरोघर पोचले आणि २७ फेब्रुवारीला मतदान झालं. फोर्ड जिंकले. पंचवीस वर्षांत महागाई कुठल्या कुठे गेली, पण चेकवरचा आकडा तोच. मतदाराचा भाव स्थिर आहे म्हणायचा.

या फोर्ड यांची नंबरप्लेट ही वेगळी कहाणी. २०२० मध्ये त्यांच्या सरकारने निळ्या रंगाच्या नव्या प्लेट आणल्या. रात्री दिव्याच्या उजेडात त्यावरचा नंबरच नीट वाचता येईना. प्लेट मागे घेतल्या. मग मार्च २०२२ मध्ये गाडीच्या नोंदणीचं वार्षिक शुल्कच रद्द केलं. दक्षिण भागात ते १२० डॉलर होतं, उत्तरेत ६०. प्लेटवर दरवर्षी चिकटवायचं छोटं स्टिकरही गेलं. एवढ्यावर न थांबता मागच्या दोन वर्षांत भरलेलं शुल्क परत. सुमारे ७५ लाख गाडीमालकांना चेक निघाले, वसंतात. निवडणूक होती २ जूनला.

पण शुल्क रद्द झालं होतं, नोंदणीचं नूतनीकरण नव्हे. फुकट असलं तरी ते करायचं होतंच. पैसे भरायचे नाहीत आणि स्टिकरही नाही, म्हटल्यावर लोक नूतनीकरण करायचंच विसरले. दहा लाखांहून अधिक गाड्यांची मुदत उलटून गेली, आणि पोलिसांनी थांबवल्यावर चालकांना ते कळायचं. सवलत मिळाली आणि तिच्या पोटातून दंडाची पावती निघाली. शेवटी १ जुलै २०२४ पासून नूतनीकरण आपोआप होऊ लागलं. जुने दंड थकवलेल्यांचं मात्र नाही.